गुण कमी आले तरी अर्ज थांबवू नका

(वसतिगृहातील पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात समाजकार्य महाविद्यालयातील एका निवृत्त प्राध्यापिकेने केलेले भाषण.)



मुलींनो, मुलांनो, आणि पहाटेची एसटी धरून आलेल्या आईबाबांनो, आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. निकाल लागल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो विचारला आहे : "मॅडम, प्रवेश परीक्षेत एवढेच गुण आलेत. एमएसडब्ल्यूला अर्ज करू का, की राहू दे?"

माझं उत्तर आहे, अर्ज करा. पण आधी ते गुण काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट समजून घ्या.

केंद्राची सीयूईटी-पीजी परीक्षा घ्या. प्रश्न ७५, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला १ गुण वजा, एकूण ३०० गुण. परीक्षा संगणकावर, प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत. आता आपल्या घराकडे पाहा. घरी कुणी पावरी बोलतं, कुणी वारली, कुणी कोरकू, कुणी माडिया. आश्रमशाळेत गेल्यावर मराठी शिकलो, म्हणजे मराठी हीच आपली दुसरी भाषा. तिसऱ्या-चौथ्या भाषेतला उतारा घड्याळाकडे बघत वाचायचा, तर वेळ जाणारच. शेवटचे वीस प्रश्न वाचलेच नाहीत, असं कितीतरी मुलं सांगतात. म्हणजे ते गुण तुमच्या वाचनाच्या वेगाचेही आहेत.

तरीही "गुणांना काही अर्थ नसतो" असं मी म्हणणार नाही. हा अभ्यासक्रम २ वर्षांचा असतो आणि चांगल्या संस्थांत बरीचशी पुस्तकं इंग्रजीत असतात. ज्यांचे गुण वाचनामुळे कमी येतात, त्यांना पहिलं सहामाही सत्र जड जातं. मी ते वर्गात पाहिलं आहे. म्हणून कमी गुणांचा एक अर्थ लक्षात ठेवा : प्रवेश मिळो न मिळो, वाचन आजपासून वाढवायचं आहे. रोज एक पान इंग्रजी, शब्दकोश शेजारी ठेवून.

गुण काय सांगत नाहीत? तुम्ही माणसाचं ऐकून घेऊ शकता का, हे सांगत नाहीत. एखाद्या घराने तीनदा दार लावलं तरी चौथ्यांदा तुम्ही जाल का, हेही नाही. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्यातले साधारण दोन दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं : वस्तीत, रुग्णालयात, शाळेत, पंचायतीत. त्यातही पास व्हावं लागतं, आणि तिथे तुमच्यातले पुष्कळ जण पुढे असतात.

एक उदाहरण सांगते. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली एक मुलगी मुलाखतीला आली होती. लेखी गुण यादीत खालचे. तिला विचारलं, "कुपोषित मुलांना बालउपचार केंद्रात ठेवलं तरी आया मध्येच घरी का निघून जातात?" इतरांनी 'अज्ञान' आणि 'अंधश्रद्धा' अशी उत्तरं दिली होती. ती म्हणाली, "घरी अजून दोन लहान पोरं असतात. त्यांना भाकरी कोण देणार? नवरा उसतोडीला गेलेला असतो. शेळ्या पाहायला कुणी नसतं. आणि नर्सबाई काय बोलतात ते तिला कळत नाही, विचारायची लाज वाटते." समोर बसलेले सगळे तिचं ऐकत राहिले. तिला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात रडली, पण टिकली. मुलाखतीत तिने दयेची मागणी केली नव्हती. तिला माहीत होतं ते तिने नीट सांगितलं, एवढंच.

आता अर्ज कुठे करायचा ते पाहू. एकाच दारात उभं राहू नका.

पहिलं दार केंद्राच्या संस्थांचं. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण आपल्या देशात तिथून सुरू झालं. मुंबईबरोबर तुळजापूर, गुवाहाटी आणि हैदराबाद इथेही तिचे परिसर आहेत. २०२४ पासून तिथले बहुतेक पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजीतून होतात. मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे, तेही पाहा. केंद्राच्या संस्थांत अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात आणि त्यांची यादी वेगळी लागते. खुल्या यादीतला शेवटचा आकडा पाहून घाबरून अर्ज सोडून देणारी मुलं दरवर्षी भेटतात. तुम्ही तुमच्या यादीचा आकडा पाहा. राखीव जागा ही कुणाची मेहेरबानी नाही, तो संविधानाने दिलेला हक्क आहे. तो मान वर करून घ्या.

दुसरं दार राज्यातल्या विद्यापीठांना जोडलेल्या महाविद्यालयांचं. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आहे. नागपुरात, विदर्भात, खानदेशातही महाविद्यालयं आहेत. प्रत्येकाची प्रवेशाची पद्धत वेगळी असते. कुठे स्वतःची परीक्षा, कुठे पदवीचे गुण, कुठे गटचर्चा आणि मुलाखत. एका परीक्षेत मागे पडलेला मुलगा दुसऱ्या पद्धतीत पुढे येऊ शकतो. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून गावी परतू नका. दुसरी यादी लागते, तिसरी लागते, रिकाम्या जागांची फेरी होते. त्या वेळी फोन उचलणारा आणि कागद तयार असणारा मुलगा आत जातो.

तिसरं दार इग्नूचं. तिथे एमएसडब्ल्यूसाठी पदवी लागते, प्रवेश परीक्षा नसते, आणि क्षेत्रकार्य तिथेही करावं लागतं. घर सोडणं ज्यांना शक्यच नाही, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता कागदांचं. गुण कमी असल्यामुळे जितके प्रवेश जात नाहीत, तितके कागदांमुळे जातात, असा माझा अनुभव आहे. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. कला शाखेतून आलेल्या पुष्कळांनी पडताळणी केलेलीच नसते, आणि समितीकडून वैधता मिळायला वेळ लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, गावनमुन्यातली नोंद, जे असेल ते आजच शोधायला घ्या. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर ते आधी निस्तरा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँकेचं खातं आधारला जोडलेलं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम्' योजनेची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा.

अर्जासोबत 'मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' असं लिहायला सांगतात. तिथे सगळे एकच वाक्य लिहितात : "मला गोरगरिबांची सेवा करायची आहे." हे वाचून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी केलेलं काम लिहा. "आमच्या पाड्यावरची अकरा कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून मी गुरुजींबरोबर दोन वर्षं यादी केली. पाच मुलं आजीकडे राहिली, बाकीची गेली. ती का गेली हे मला शिकायचं आहे." यात फुशारकी नाही, पण माणूस दिसतो. जे जमलं नाही तेही लिहा. गुणांबद्दल विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा : माझं शिक्षण मराठीतून झालं, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, त्यासाठी मी अमुक करतो आहे. त्यापुढे रडगाणं नको.

मुलाखतीला जाताना आपल्याच लोकांचे कायदे माहीत हवेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला काय अधिकार देतो? २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दावा कोणता आणि सामूहिक कोणता? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो कसा? पुस्तकात वाचा आणि गावात जाऊन विचारा. तुमच्या घरच्या दाव्याचं काय झालं, हे ठाऊक असलेला उमेदवार मला पाठ केलेल्या दहा व्याख्यांपेक्षा आवडतो.

आणि यंदा कुठेच नाव लागलं नाही तर? तर पुढचं वर्ष वाया घालवू नका. वनहक्क समितीला कागद लिहायला मदत करा, आशाताईबरोबर घरं फिरा, एखाद्या संस्थेत काम धरा, आणि रोज काय पाहिलं ते वहीत लिहा. पुढच्या अर्जात तीच वही तुमच्या बाजूने बोलेल. परीक्षेचा सराव घड्याळ लावून करा. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. म्हणून अगदी आंधळा अंदाज फारसं काही देत नाही. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्यांतला एक निवडणं फायद्याचं.

आता दादांनो, वहिनींनो, तुमच्याशी दोन शब्द. नापास झालेल्या किंवा थांबलेल्या वर्षाची भीती मुलांना तुमच्यामुळे वाटते. "एक वर्ष बसली ना, मग लग्नच करून टाकू," किंवा "गोदामात लाग, महिन्याला पैसे तरी येतील." घरची ओढाताण मला कळते. पण हे वर्ष तुम्ही तिला दिलंत, तर पुढची चाळीस वर्षं ती कमावती आणि शहाणी राहील.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आदिवासी १ कोटी ५ लाखांहून जास्त आहेत, राज्याच्या ९ टक्क्यांपेक्षा अधिक. पण रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात किंवा बालकल्याण समितीसमोर आपली भाषा समजणारं माणूस क्वचितच सापडतं. कातकरी आईचं म्हणणं दुभाष्यातून अर्धंच पोचतं, आणि त्या अर्ध्यावर तिच्या लेकराचा निर्णय होतो. त्या खुर्चीत तुमच्यापैकी कुणी बसावं, एवढ्यासाठी मी हे सगळं सांगते आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता मी वसतिगृहाच्या कार्यालयात आहे. आपापले गुणपत्रक आणि घरात सापडतील तेवढे कागद घेऊन या. ज्यांचे गुण सगळ्यांत कमी आहेत, त्यांनी आधी या.