घाटकोपरचे वटवटे: गवतातला तो आवाज कुणाचा?

आज आधी एक आवाज ऐकवते.

(रेकॉर्डिंग: ट्रकचा हॉर्न, आणि त्याच्यावरून झिट्... झिट्... झिट्...)

ऐकलंत? परत लावते. हॉर्न सोडून द्या, तो आपला रोजचाच. त्याच्या वर जे कात्री चालवल्यासारखं झिट् झिट् चाललंय, ते ऐका.

जुलैमधली सकाळ, साडेसहाची वेळ. मी घाटकोपर पूर्वेला राहते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे ओलांडून खाडीच्या बाजूला गेलं की बिल्डिंगा संपतात आणि मिठागरं, खाजण, कांदळवन सुरू होतं. मध्येमध्ये गवताचे तुकडे आहेत. पावसाळ्यात कमरेएवढं गवत, उन्हाळ्यात नुसती पिवळी काडी. तिथे उभं राहून मी हे फोनवर रेकॉर्ड केलं. आवाज करणारा पक्षी आहे जेमतेम 10 सेंटिमीटरचा. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनपेक्षा आखूड.

आज बोलायचंय ते अशा पक्ष्यांबद्दल, गवतातल्या छोट्या वटवट्यांबद्दल. ते कोण, कुठे राहतात, शास्त्रज्ञांनी त्यांना कुठल्या खणात ठेवलं आणि मग तिथून का हलवलं. आणि शेवटी मला माझी एक चूक कबूल करायचीये.

आधी ओळख करून घेऊ

वटवट्या हे नाव किती बरोबर आहे बघा. अखंड वटवट करतो म्हणून वटवट्या. शास्त्रीय नाव प्रिनिया. हा शब्द जावा बेटावरच्या स्थानिक नावावरून आलाय, आणि हॉर्सफील्ड नावाच्या निसर्गअभ्यासकाने तो 1821 मध्ये वापरला.

आपल्या भागात सगळ्यात सहज दिसतो तो राखी वटवट्या. डोकं राखाडी, डोळा लालसर, पोट तांबूस, चोच काळी आणि शेपटी लांब. ती सतत वर-खाली चालू. हा सोसायटीच्या कुंपणातसुद्धा राहतो. जास्वंदीच्या झुडपात, मोगऱ्यात, कुठेही. एका झुडपातून दुसऱ्यात उडताना चट् चट् असा आवाज येतो, वायरीची ठिणगी उडावी तसा. बहुतेकांच्या मते तो पंखांचा आवाज आहे. एका अभ्यासकाचं म्हणणं होतं की चोचीचा.

दुसरा साधा वटवट्या. नावाप्रमाणेच साधा. मातकट रंग, डोळ्यावर फिकट भुवई, बाकी काही नाही. याला कुंपणाची जास्वंद फारशी चालत नाही. उंच गवत, लव्हाळं, पाण्याकाठची झाडी, शेताचा बांध, कांदळवनाची कड, असं काहीतरी लागतं. गवताच्या टोकावर बसून किड्यासारखं किरकिरत राहतो.

आणि तिसरा, रेकॉर्डिंगमधला आपला हिरो, झिटिंग सिस्टिकोला. हा प्रिनिया नाही, पण त्याच कुळातला. पाठीवर काळपट रेघा, शेपटी आखूड, पसरली की पंख्यासारखी, टोकाला पांढरी. एरवी दिसतच नाही. पावसाळ्यात मात्र नर गवतावर हवेत चढतो आणि लाटा घेत फिरतो. प्रत्येक लाटेला एक झिट्. हा गवताचाच पक्षी. गवत गेलं की तोही गेला.

संजय गांधी उद्यानाच्या बाजूला गेलात तर अजून दोघे भेटतात. खडकाळ उतारावर, काटेरी झुडपं आणि सुकं गवत असेल तिथे रान वटवट्या. आणि जंगलाच्या कडेला, छोट्या टोळीने फिरणारा, पावसाळ्यात छातीवर राखाडी पट्टा येणारा करड्या छातीचा वटवट्या.

म्हणजे लांबून आपल्याला सगळं 'झाडीझुडपी' दिसतं, पण यांच्या दृष्टीने त्यात पाच वेगवेगळी घरं आहेत. कुंपण वेगळं, उंच ओलं गवत वेगळं, मोकळं गवत वेगळं, कोरडा उतार वेगळा, जंगलाची कड वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव ठेवलं कुणी?

राखी आणि साधा, या दोन्ही वटवट्यांना शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच महाराष्ट्रातल्या पक्ष्यांवरून. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी होता. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. लोकसंख्या, पिकं, हवामान असं सगळं. ते करता करता हा माणूस पक्षीही नोंदवत होता. 1832 मध्ये लंडनमध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. त्यात हे दोघे आहेत, प्रिनिया सोशियालिस आणि प्रिनिया इनॉर्नाटा. सोशियालिस म्हणजे सोबतीने राहणारा. इनॉर्नाटा म्हणजे नटलेला नसलेला. आपण मराठीत 'साधा' म्हणतो, तेच लॅटिनमध्ये.

पुढे मुंबईतही काम झालं. 1930च्या दशकात सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टी बेटाच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. आपलं घाटकोपर साष्टीवरच आहे, म्हणजे आपली गल्ली त्या अभ्यासाच्या हद्दीत येते.

मोठा खण, आणि त्यातला गोंधळ

आता वर्गीकरण. कंटाळू नका, यात एकदम घरातल्या नात्यागोत्यासारखी मजा आहे.

बराच काळ शास्त्रज्ञांनी बारीक चोचीचे, किडे खाणारे, बहुतेक मातकट किंवा हिरवट असे सगळे छोटे पक्षी एकाच मोठ्या कुळात टाकले होते, सिल्व्हिडे. इंग्रजीत सरसकट वॉर्ब्लर. वटवटे त्यात, सिस्टिकोला त्यात, बोरूच्या बेटात राहणारे त्यात, हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे पानांतले इवलेसे पक्षी त्यात. घरात एक खण असतो ना, रबरबँड, जुनी चावी, चार्जर, सेफ्टी पिन, सगळं त्यातच. तसं.

मग डीएनए तपासायची सोय झाली. 2006 मध्ये स्वीडनचे पर अल्स्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, आणि दिसलं की हे सगळे एका घरचे नाहीतच. दिसायला सारखे, पण नाती लांबची. त्यामुळे तो खण रिकामा करून वेगवेगळी कुळं मानायला लागली. आपले वटवटे आणि सिस्टिकोला गेले सिस्टिकोलिडे कुळात. आणि त्यांच्यासोबत कोण निघालं माहितीये? शिंपी! पानं शिवून घरटं करणारा, खिडकीबाहेर ओरडून डोकं उठवणारा शिंपी पक्षी हा वटवट्याचा सख्ख्या कुळातला भाऊबंद. राखी वटवट्यासुद्धा कधीकधी पानं शिवून घरटं करतो, म्हणजे घराण्याची कला आहे म्हणायची. आणि मूळ सिल्व्हिया? ते निघाले सातभाईंच्या जवळचे!

अजून एक गंमत. सिंधू नदीच्या खोऱ्यात, पंजाबात उंच गवतात राहणारा एक पक्षी होता, त्याला बराच काळ प्रिनियाच समजत होते. लांब शेपटी, गवतातलं राहणं, सगळं वटवट्यासारखं. डीएनए बघितला तर तो सातभाईंच्या गोतावळ्यातला. गवतात राहून राहून दोघे सारखे दिसायला लागले, इतकंच.

कोण किती दूर पसरलंय

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. झिटिंग सिस्टिकोला दक्षिण युरोपात आहे, आफ्रिकेत आहे, भारतात आहे, आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. त्याचं शास्त्रीय नाव 1810 मध्ये इटलीतल्या सिसिलीच्या पक्ष्यावरून पडलं. म्हणजे हायवेच्या पलीकडचा आपला झिट् झिट् आणि सिसिलीतल्या शेतावरचा, एकच जात.

साधा वटवट्या पाकिस्तानपासून दक्षिण चीन आणि जावापर्यंत. पूर्वी आफ्रिकेतल्या एका वटवट्याला आणि याला एकच समजायचे, आता दोन मानतात.

राखी वटवट्या मात्र आपल्या उपखंडाचा. त्यातही भाग वेगळे. उत्तरेतला ऋतूप्रमाणे पिसांचा रंग बदलतो, आपल्याकडचा वर्षभर जवळपास तोच ड्रेस.

आणि आता एकदम टोकाचा. रुंद शेपटीचा तृणपक्षी. हा वटवट्यांच्या कुळातला नाही, लोकस्टेलिडे नावाच्या वेगळ्या कुळातला. त्याचं घर म्हणजे आपला पश्चिम घाट, तिथले गवताळ उतार. पावसाळ्यात नर गवतावर उडत गातो, बाकी वर्षभर गवतात असा गडप होतो की शोधून सापडत नाही. जागतिक यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. त्याचा डीएनएने ठरवलेला जवळचा भाऊ म्हणजे राठ केसांचा तृणपक्षी, तोही असुरक्षित.

एकाला चार खंड, एकाला एक डोंगररांग. आणि दोघांनाही लागतं काय? गवत.

माझी चूक

आता कबुली. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी एका ग्रुपबरोबर वृक्षारोपणाला गेले होते. नाव घेत नाही, माणसं चांगली होती, हेतू चांगला होता. खाडीच्या बाजूचा एक तुकडा होता. सगळे म्हणाले, पडीक आहे, इथे काहीच नाही, इथे झाडं लावू. आम्ही विळ्यांनी गवत कापलं, खड्डे खणले, रोपं लावली, सेल्फी काढले.

सगळा वेळ डोक्यावर एक पक्षी फिरत होता. झिट्, झिट्, झिट्. मी स्टेटस टाकलं, 'पक्षीसुद्धा खूश!'

कापलेल्या गवताच्या ढिगात मला एक छोटी पिशवी दिसली. उभ्या गवताच्या पाती कोळ्याच्या जाळ्याने एकत्र बांधलेल्या, आत कापसासारखं मऊ. मला वाटलं, काय सुंदर! फोटो काढला आणि ठेवून दिली. आत काही होतं का, तेही मी वाकून बघितलं नाही.

पुढे पक्षी बघायला लागले आणि एका रात्री गॅलरी चाळताना तो फोटो समोर आला. सिस्टिकोलाचं घरटं. जून ते सप्टेंबर हा त्याचा घर बांधायचा हंगाम, आणि वरचा नर खूश नव्हता, तो आपल्या जागेवर फिरत होता.

त्यातली बरीच रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळली. ते सोडा. मला जे सलतं ते एक वाक्य, 'इथे काहीच नाही.' हे मीही म्हटलं होतं.

'पडीक' नावाचा खण

बघा, मराठीत गवताच्या जमिनीला किती शब्द आहेत. माळ, कुरण, गायरान, सडा, खाजण. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, तिथलं गवत वेगळं. पण इंग्रजांच्या काळापासून जी जमीन महसूल देत नाही ती सगळी 'वेस्ट'. आजही सरकारचा वेस्टलँड्स अ‍ॅटलास निघतो, आणि गवताळ, झुडपी जमिनी मोठ्या प्रमाणावर त्यात मोजल्या जातात. पक्ष्यांचा मोठा खण शास्त्रज्ञांनी उघडून नीट लावला. जमिनीचा हा खण अजून तसाच आहे. आणि एकदा पडीक म्हटलं, की तिथे डेब्रिज टाका, पार्किंग करा, नाहीतर झाडं लावा, कुणालाच वाईट वाटत नाही.

2023 मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल आला. देशातल्या सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 942 जातींचा अभ्यास. त्यात गवताळ आणि मोकळ्या जागांवर अवलंबून असणारे पक्षी घटताना दिसतात. पण चांगलं चाललेल्यांच्या यादीत कोण आहे? पारवा, कोकीळ, मोर, आणि आपला राखी वटवट्या.

म्हणून फसू नका. सोसायटीत वटवट्या ओरडतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. तो कुंपणात भागवतो. सिस्टिकोला कुंपणात भागवू शकत नाही.

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगोला बघायला आपण बोटीने जातो. जावंच. पण काठावरच्या गवतात जो 10 सेंटिमीटरचा जीव आहे, त्याच्यासाठी कुणी बोट सोडत नाही.

मग आपण काय करायचं?

एक, ऐका. फोनवर मर्लिन अ‍ॅप आहे, फुकट आहे, आवाजावरून नाव सुचवतं. त्यावर डोळे झाकून विश्वास नको, पक्षी बघून खात्री करा. दोन, नोंद करा. ई-बर्डवर 15 मिनिटांची यादी टाका, राखी वटवट्या असला तरी टाका. वरचा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. तीन, विणीच्या दिवसांत फोनवर त्यांचाच आवाज लावून त्यांना बोलावू नका, आणि घरट्याजवळ जाऊन फोटो नको. चार, सोसायटीत मागचा एक कोपरा गणपती-नवरात्र होईपर्यंत न कापता ठेवायला सांगून बघा. आणि पाच, वृक्षारोपणाचा मेसेज आला तर जरूर जा, पण आधी एक प्रश्न विचारा, 'आत्ता तिथे काय आहे?'

उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर एका सकाळी लवकर जाऊन नुसते उभे राहा. दहा मिनिटं. कान गवताकडे.

(रेकॉर्डिंग: झिट्... झिट्... झिट्...)

तुमच्या भागात ऐकू आला तर रेकॉर्ड करून मला पाठवा, पुढच्या भागात लावू. भेटूया!