चमचाभर मीठ, हंडाभर पाणी



आज आपल्याला मिठाबद्दल बोलायचं आहे. वरणात टाकतो त्या मिठाबद्दल नाही, जमिनीवर टाकतात त्या मिठाबद्दल. तुम्ही म्हणाल, जमिनीवर कोण मीठ टाकतं? टाकतात. काही देशांत ट्रक भरभरून टाकतात. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातही थोडं थोडं पडतं, ते आपल्या लक्षात येत नाही.

आधी लांबची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी कुणाचा भाचा, कुणाची पुतणी अमेरिकेत किंवा कॅनडात असेल. त्यांना फोनवर विचारा, हिवाळ्यात रस्त्यावर काय टाकतात? तिकडे रस्त्यावर बर्फ साचतो, गाड्या घसरतात, माणसं पडतात. म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठानं बर्फ वितळतो. हे आपल्याला नवीन नाही. कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर खडेमीठ घालतो ते आपण लहानपणापासून बघतो. मीठ लागलं की बर्फाचं पाणी होतं आणि ते पाणी शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही. त्या गारव्यानं कुल्फी आळते. रस्त्यावर हेच घडतं. बर्फाचं पाणी होतं, रस्ता मोकळा होतो.

अमेरिकेत ही पद्धत १९४० च्या सुमारास सुरू झाली आणि वाढत गेली. आज तिथं वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं. त्यानं अपघात कमी झाले, जीव वाचले, हे खरंच आहे. पण बर्फ वितळल्यावर ते मीठ कुठं गेलं? नाल्यात गेलं, ओढ्यात गेलं, तळ्यात गेलं आणि मुरत मुरत विहिरीत गेलं. रस्त्याकडेच्या कितीतरी विहिरींचं पाणी खारट झालं. तळ्यातले मासे, बेडूक यांना त्रास झाला. गाड्या गंजल्या, पुलाच्या सळया गंजल्या. कॅनडा सरकारनं अभ्यास करून २००१ मध्ये सांगितलं की रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक आहे. मग २००४ मध्ये ते कमी कसं वापरायचं याचे नियम केले.

मिठात असं काय आहे, ते नीट समजून घेऊ. शेण, पालापाचोळा कुजतो. साबणाचं पाणीही जमिनीत हळूहळू निवळतं. मीठ कुजत नाही, सडत नाही, उडून जात नाही. पाण्यात गेलं की पाण्यातच राहतं. फडक्यानं गाळा, तुरटी फिरवा, ते निघत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणजे पाणी आणखी खारट होतं.

आता एक हिशोब करू. मिठात दोन भाग असतात, सोडियम आणि क्लोराईड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराईड चालतं, असं आपल्या देशाचं मानक सांगतं. दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत सवलत आहे. चहाचा एक सपाट चमचा मीठ, म्हणजे साधारण ६ ग्रॅम, हे अगदी शुद्ध पाण्याच्या १४ ते १५ लिटरला २५० च्या हद्दीपर्यंत नेतं. म्हणजे चमचाभर मीठ, हंडाभर पाणी. ५ किलो मीठ घेतलं तर १२,००० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात आपण ज्याची वाट बघतो तो एक मोठा टँकर. आणि आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच काही क्षार असतात, त्यामुळे आपली हद्द त्याहून लवकर गाठली जाते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इथं बर्फ पडत नाही. मग मीठ येतं कुठून?

एक वाट धुऱ्यावरून येते. बांधावरचं गवत जाळायला तणनाशक फवारतात, आणि त्यात काही जण मीठ मिसळतात. पंपामागे मूठभर, कुणी त्याहून जास्त. एकमेकांचं ऐकून ही रीत पसरली. मिठानं पानं लवकर करपतात, म्हणून औषध जोरात लागलं असं वाटतं. पण पाऊस पडला की ते मीठ वावरात उतरतं. त्यातलं क्लोराईड पाण्याबरोबर खाली विहिरीकडे जातं. सोडियम आपल्या काळ्या मातीच्या कणांना चिकटून बसतं. ते वाढत गेलं तर माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वाळली की ढेकळं फुटत नाहीत. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. तुमच्या घरचं मीठ थोडंच असेल. पण गावातल्या ४० घरांनी हंगामात ५-५ किलो टाकलं तर २०० किलो झालं. टँकरच्या हिशोबात ४० टँकर. हळद हे खारं पाणी सोसणारं पीक नाही. वसमतच्या बाजारात आपली हळद ज्या नावानं विकली जाते, ते नाव या मातीवर उभं आहे.

दुसरी वाट आरओच्या पाण्याची. गावोगाव आरओ प्लांट झाले, जार घरी येतो. आरओ मशीन क्षार नष्ट करत नाही, फक्त एका बाजूला ढकलतं. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ९०० मिलिग्रॅम क्षार आहेत. २ लिटर पाणी मशीनमध्ये गेलं, १ लिटर गोड पाणी जारमध्ये आलं, १ लिटर फेकलं. मग दोन्ही लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार त्या फेकलेल्या एका लिटरमध्ये आले. ते पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट खारट. ते कुठं सोडलं आहे? बहुतेक ठिकाणी नालीत, नाहीतर शोषखड्ड्यात. शोषखड्डा सांडपाण्याला उत्तम आहे, डास कमी होतात, पाणी मुरतं. पण मीठ शोषखड्ड्यात अडत नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं, आणि तो खड्डा हातपंपाजवळ असेल तर पुन्हा आपल्याच हंड्यात येतं.

काही जणींना वाटेल, खारं पाणी म्हणजे खारपाणपट्टा, तो तर अकोला, अमरावती, बुलडाण्याकडे. बरोबर आहे. तिकडची पूर्णा सातपुड्यातून येऊन तापीला मिळते, आणि तिच्या खोऱ्यातली शेकडो गावं पिढ्यान् पिढ्या खाऱ्या पाण्यावर जगतात. आपली पूर्णा वेगळी. ती अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणातून येऊन गोदावरीला मिळते. तिकडच्या बहिणींना खारं पाणी निसर्गानं दिलं आहे. त्यांच्याकडे मैलभरावरून गोडं पाणी आणणाऱ्या बाया कोण असतात, हे सांगायला नको. आपल्याला ते निसर्गानं दिलेलं नाही. मग आपण आपल्या हातानं का ओढवून घ्यायचं?

तब्येतीचंही बघा. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांना डॉक्टर मीठ कमी खायला सांगतात. पाण्यातूनच मीठ पोटात गेलं तर ताटातलं कमी करून कितीसा उपयोग? बांगलादेशच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी विहिरींत शिरलं आहे. तिथल्या अभ्यासात गरोदर बायांचं बीपी वाढण्याचा संबंध खाऱ्या पिण्याच्या पाण्याशी दिसून आला. आपल्या गावात कुणी गरोदर आहे, कुणी म्हातारी सासू बीपीची गोळी घेते. पाण्याचा प्रश्न त्यांच्यापर्यंत जातो.

आता उपाय. थंड देशांतल्या लोकांनी मीठ एकदम बंद केलं नाही. अपघात होऊ द्यायचे नव्हते आणि पाणीही वाचवायचं होतं. त्यांनी चार साध्या गोष्टी केल्या. आधी फावड्यानं, यंत्रानं बर्फ ओढून काढायचा, उरलेल्यालाच मीठ. मीठ मोजून टाकायचं, ट्रकची यंत्रं तपासून घ्यायची. कोरडं मीठ उडून रस्त्याबाहेर जातं, म्हणून ते ओलं करून टाकायचं, किंवा बर्फ पडण्याआधीच मिठाचं पाणी फवारायचं, म्हणजे कमी मिठात काम होतं. आणि मिठाचे ढीग उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवायचे. उणे ९-१० अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तेव्हा पाय आणि चाकं घसरू नयेत म्हणून वाळू टाकतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर मीठ टाकणाऱ्या कामगारांना याचं रीतसर प्रशिक्षण देतात. कारण शेवटी हात त्यांचा असतो.

यातली पहिली गोष्ट आपण जशीच्या तशी घेऊ शकतो. आधी हात, मग औषध. धुऱ्यावरचं गवत विळ्यानं कापलं तर गुरांना वैरण होते, आणि मुळं राहिल्यानं बांध धरून राहतो. तणनाशक मारायचंच असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापानं मारा. त्यावर मीठ घाला असं लिहिलेलं नसतं. घरात फवारणी करणाऱ्यांना हे सांगायचं काम आपलं. भांडण नको, टँकरचा हिशोब सांगा.

आरओबद्दल ग्रामपंचायतीला, ग्रामसभेला दोन प्रश्न विचारा. पहिला, आपल्या पाण्याला आरओची गरज आहे का? पाण्यातले एकूण क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. मात्र पाण्यात फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून तपासणीचा अहवाल बघूनच ठरवायचं. दुसरा प्रश्न, फेकलेलं पाणी कुठं जातं? ते टाकीत साठवून संडास, फरशी, गोठा धुवायला वापरता येतं. विहिरीजवळच्या, हातपंपाजवळच्या खड्ड्यात ते सोडू नये. परसातल्या एकाच झाडाला रोज तेच पाणी घालू नये.

एक खुलासा. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर जंतू मारते. ती वेगळी गोष्ट आहे. मिठाच्या भीतीनं ती बंद करू नका.

आणि तपासणी आपल्या हातात आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे, आणि त्यांच्या किटमध्ये क्लोराईडची तपासणी असते. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, किट कुठं ठेवली आहे, हे विचारा. कपाटात असेल तर बाहेर काढा. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, प्रत्येक विहीर आणि बोअर तपासा. बचत गटाच्या वहीत जसा हप्ता लिहितो तसा आकडा लिहा: तारीख, विहिरीचं नाव, क्लोराईड किती. चांगल्या पावसात आकडा खाली येतो. दर वर्षी मे महिन्यातला आकडा चढताना दिसला तर कुठून तरी मीठ येतं आहे, हे समजायचं आणि वाट शोधायची. जमीन घट्ट होत असेल तर मातीचा नमुना तपासून घ्या. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं सल्ला मिळेल. चोपण जमिनीला जिप्सम घालतात, पण तेही माती तपासल्यावर.

तिकडच्या लोकांना हे समजायला पन्नास-साठ वर्षं लागली, तोवर विहिरी खारट झाल्या होत्या. आपल्या बहुतेक विहिरी अजून गोड आहेत. येत्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर हा विषय काढा, आणि पहिली तपासणी कोण करणार तिचं नाव त्याच दिवशी वहीत लिहा.