घरातली कागदपत्रं : ठेवायची कुठे, सांगायची कोणाला?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



माझ्या भाषणानंतर लगेच जेवण आहे. स्वयंपाकाचा वास इथपर्यंत येतो आहे, त्यामुळे मी फार लांबवणार नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, म्हणून सचिव साहेब म्हणाले, ‘गुंतवणुकीवर बोला.’ मी म्हटलं, पैसा कुठे गुंतवायचा हे सांगणारे पुष्कळ आहेत. गुंतवलेला पैसा आपल्यामागे घरच्यांना सापडेल कसा, यावर बोलतो. हा विषय मी बँकेत शिकलो नाही. घरात शिकलो, आणि तोही उशिरा.

फेब्रुवारी २०२१ आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात अगदी सुरुवातीला जी शहरं बंद झाली, त्यांत आपलं अमरावती होतं. आपण गेट बंद करून बसलो, भाजी दोरीने वर ओढून घेतली. त्यानंतर एप्रिलमध्ये अकोल्याला माझा धाकटा भाऊ गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. मालकाचा पैचा हिशेब तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं.

तेरवी झाल्यावर मी भावजयीला विचारलं, विमा कोणता, खाती कोणत्या बँकेत, घराची रजिस्ट्री कुठे आहे? ती म्हणाली, ‘भाऊजी, मले काईच मालूम नाई. सारं थेच पाहेत.’ मोबाइल होता, पण तो उघडायची खूण फक्त त्याला माहीत होती. दिवाणाखाली एक निळी रेक्झिनची बॅग होती. तिच्यात विजेची जुनी बिलं, लग्नपत्रिका, मुदत संपलेल्या मोटरसायकलच्या विम्याचे कागद आणि त्यांच्याच मध्ये घराची रजिस्ट्री. मी बँकवाला माणूस. लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो, ‘कागद नीट ठेवा.’ आणि सख्ख्या भावाचं खातं कोणत्या शाखेत आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

पुतणी तेव्हा बारावीत होती. परीक्षेचा पत्ता नव्हता. ती दोनशे पानी वही घेऊन बसली आणि बॅगेतला एकेक कागद काढून त्याचा नंबर, तारीख, ऑफिसचं नाव लिहीत गेली. पासबुक वाचताना तिनं मला विचारलं, ‘मोठेबाबा, दरवर्षी मे महिन्यात हे ३३० रुपये कशाचे कटतात?’ ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची कपात होती. तेव्हा वर्षाला ३३० रुपये हप्ता होता, जून २०२२ पासून तो ४३६ झाला. विमा २ लाखांचा. घरात कुणालाच माहीत नव्हतं. बँकेतही कुणी आपणहून सांगितलं नाही. ती एक ओळ त्या पोरीच्या नजरेला पडली नसती, तर ते २ लाख गेले होते. म्हणून आज घरी गेल्यावर आपापली पासबुकं भरून आणा आणि वर्षभरातल्या बारीक कपाती वाचा. २० रुपयांची कपात दिसली, तर तो बहुधा अपघात विम्याचा हप्ता असेल.

भविष्य निर्वाह निधीतही तीच गत. नोकरीत असताना सभासद वारला, तर फंडाच्या रकमेशिवाय विम्याची रक्कम मिळते, पत्नीला पेन्शन मिळतं. हे सगळं होतं, पण फंडाच्या कागदावर नॉमिनी म्हणून आमच्या आईचं नाव. नोकरीला लागला तेव्हा लग्न व्हायचं होतं, त्या वेळचं ते नाव. आई जाऊनही सहा वर्षं झाली होती. लग्न झाल्यावर फंडाचं नॉमिनेशन नव्यानं करावं लागतं, हे त्या हिशेबनिसानं केलंच नव्हतं. त्या एका नावापायी भावजयीला किती चकरा झाल्या, ते ती आजही बोटांवर मोजून सांगते.

पुढची गोष्ट त्याच वर्षीच्या जुलैतली. अकोल्यात एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला, मोर्णेला पूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. भावाचं घर तळमजल्याचं. आम्ही शहाण्यांनी कागद लावून पुन्हा त्याच निळ्या बॅगेत घातले होते आणि बॅग पुन्हा दिवाणाखाली. रजिस्ट्रीचा लगदा झाला. पुतणीची वही मात्र फळीवर होती, कोरडी. तिच्यात दस्ताचा नंबर, वर्ष आणि कार्यालय लिहिलेलं होतं. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळाली.

तेव्हापासून मी एक गोष्ट सांगत असतो. कागद हरवला तर बहुतेक वेळा दुसरा मिळतो. पण तो कागद होता, ही माहितीच हरवली, तर काहीच मिळत नाही. म्हणून आधी वही, मग फाइल.

अकोल्याहून परत आलो आणि घरच्यांना मोठ्या तोऱ्यात हे सगळं सांगितलं. आमच्या सौभाग्यवती चहा गाळत होत्या. म्हणाल्या, ‘आन् आपल्या घरचं काय? तुमचे कागद कुठी हायेत, थे मले सांगतलं काय कधी?’ मी आलमारी उघडली. चार फायली, दोन पन्न्या आणि एक मिठाईचा डबा. मलाच एक मुदत ठेवीची पावती सापडायला दोन दिवस लागले.

मग आम्ही दोघांनी वही केली. त्या वहीची पानं तुम्हाला सांगतो. लिहून घेतलं तरी चालेल.

पहिलं पान माणसांचं. घरातल्या प्रत्येकाचं आधार, पॅन, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, रक्तगट. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, तेही पाहा. एका कागदावर ‘रामभाऊ’ आणि दुसऱ्यावर ‘रामराव’ असेल, तर ते आज, तुमच्या हयातीत, दुरुस्त होतं. नंतर तुमच्या मुलाला ते दोघे एकच होते हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करावं लागतं.

दुसरं पान घराचं आणि शेताचं. रजिस्ट्रीचा नंबर, संस्थेच्या भागदाखल्याचा नंबर, घरटॅक्सचा मालमत्ता क्रमांक, वीज ग्राहक क्रमांक. गावाकडे शेत असेल तर गट नंबर. इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा सातबारा दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट अशा कुठल्या तरी तालुक्यात आहे आणि त्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आहे. खरं तर वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं. राहून गेलं असेल, तर आता करा. मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ साली आपल्याच विभागातल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. भाऊ-बहिणी बोलत्या आहेत तोवर ही नोंद सोपी असते.

तिसरं पान बँक आणि पोस्टाचं. खातं कुठे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण. दहा वर्षं न हललेल्या खात्यातला पैसा बँकेला रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवावा लागतो. तो बुडत नाही, हक्क सांगितल्यावर परत मिळतो. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आहे. आई-वडिलांच्या नावानं एकदा शोधून पाहा.

चौथं पान विमा, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि शेअर-म्युच्युअल फंडाचं.

पाचवं पान देण्या-घेण्याचं. हे पान लिहायला माणूस कचरतो आणि तेच सगळ्यात गरजेचं आहे. कर्ज किती, हातउसने कोणाला दिले, कोणाचे घेतले, आणि कोणत्या पतसंस्थेत कोणाला जामीन राहिलो. मित्रासाठी केलेली सही बायकोला नोटीस आल्यावर कळू नये.

सहावं पान मोबाइलचं आणि ईमेलचं. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहायचे नाहीत. ते वेगळ्या पाकिटात, वेगळ्या जागी. आणि बँकवाला म्हणून दोन सूचना. माणूस गेल्यावर त्याचा मोबाइल नंबर लगेच बंद पडू देऊ नका, कामाचे संदेश त्यावरच येत असतात. आणि त्याच्या एटीएम कार्डानं पैसे काढू नका. गरज कितीही असली तरी ते नियमात बसत नाही आणि पुढे वारसांमध्ये भांडणाला कारण होतं.

आता नॉमिनीबद्दल. आपल्याकडे सरसकट समज आहे की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. दूध आलं नाही की आपण त्यावरच फुली मारतो. ते सुरू करणारे जयंतराव साळगांवकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं. त्यांच्या म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावंही होती. प्रश्न असा आला की ती गुंतवणूक नॉमिनींची, की मृत्युपत्रात सांगितल्याप्रमाणे वारसांची? वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. नॉमिनी झाला म्हणून कुणी मालक होत नाही. मालकी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. दहा वर्षं लागली. एवढी व्यवस्था करून गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे झालं, तर आपलं काय, हा विचार करण्यासारखा आहे.

विम्याला थोडा वेगळा नियम आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर त्याचा हक्क जास्त भक्कम धरला आहे. पण एरवी नॉमिनी म्हणजे रक्कम हातात घेऊन खऱ्या हक्कदारांपर्यंत पोचवणारा माणूस. तरीही नॉमिनी हवाच, कारण तो नसला तर रक्कम हातात येणं कठीण होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो.

आपल्या फ्लॅटलाही हेच लागू आहे. २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्याप्रमाणे नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व. फ्लॅट कोणाचा, हे वारसा ठरवतो. आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, पत्नी, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा असतो. ‘माझ्यामागं सगळं हिचंच’ असं तोंडानं म्हटल्यानं ते हिचं होत नाही.

तसं व्हावं असं वाटत असेल, तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही तुमची आणि दोन साक्षीदारांची. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. मघाशी म्हटलं, कागद हरवला तर दुसरा मिळतो. नोंदणी न केलेलं मृत्युपत्र या नियमात बसत नाही. ते भिजलं की गेलं.

आता एक विनंती संस्थेसाठी. नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरायचा असतो. सचिव साहेबांनी ते आज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो, तेव्हा अनेकांनी आई-वडिलांची नावं दिली होती. त्यातली किती माणसं आज आहेत? जेवायला जाताना एक फॉर्म उचला. जे फॉर्म भरत नाहीत, त्यांना दुसऱ्यांदा जिलेबी नाही, असं मी अध्यक्षांना सुचवलं आहे.

राहिला प्रश्न, वही ठेवायची कुठे? दिवाणाखाली नाही, एवढं मी अनुभवावरून सांगतो. उंचावर, कोरड्या जागी, आणि घरातल्या दोन माणसांना माहीत असेल अशी. मुलगा पुण्यात किंवा परदेशात असेल, तर एक प्रत त्याच्याकडे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वहीची पूजा करतो. त्या दिवशी ही वहीही पाटावर ठेवा, पण मिटलेली नाही. हळद-कुंकू वाहायच्या आधी उघडा, घरातल्या सगळ्यांसमोर वाचा, बदललेलं दुरुस्त करा. अर्धा तास लागतो. आमच्याकडे आता ती वही सौभाग्यवती वाचतात आणि मी उत्तरं देतो. बँकेत तपासणीला साहेब आले की जसा घाम यायचा, तसाच येतो.

काही जण म्हणतील, जिवंतपणी मरणाचं बोलणं अशुभ. मी भावजयीच्या समोर बसलो होतो तेव्हा मला कळलं की न बोलणं किती महाग पडतं. ती नवऱ्यासाठी रडू शकली नाही. तिला आधी कागद शोधावे लागले. आपल्या माणसांना रडायला तरी मोकळीक मिळावी, एवढ्यासाठी ही वही.

पुतणी यंदा नोकरीला लागली. पहिल्या दिवशी नॉमिनेशनचा फॉर्म भरला आणि संध्याकाळी मला फोन केला, ‘मोठेबाबा, आईचं नाव टाकलं. लग्न झालं की बदलीन, वहीत लिहून ठेवलं आहे.’

 चला, जेवायला. पण आधी टेबलाकडे.