डोंगरवाट आणि मोटारीचा गिअर

जन्मभर गणित शिकविलेल्या मास्तरानें मोटारींविषयीं बोलावें हें धाडसच होय. परंतु या विषयावरून आमच्या घरांत वाद झाला आणि पंचाचें काम माझ्याकडे आलें. तेव्हां दोन्ही बाजू समजून घेणें भाग पडलें.

माझ्या पुतण्याची राजापूर तालुक्यांत आंब्याची बाग आहे. डांबरी सडक संपल्यावर दीड-दोन मैल जांभ्या दगडाची चढण. पावसाळ्यांत कातळावर शेवाळ धरतें, वळणावर लाल चिखल होतो. पुतण्या कामानिमित्त आठवड्यांतून चार दिवस परगांवीं. घरीं सूनबाई आणि पांच वर्षांचा मुलगा. रात्रीं मुलाला ताप भरला तर गाडी तिनेंच खालीं न्यावयाची. जुनी जीप काढून चारही चाकांना जोर देणारी नवी गाडी घ्यावयाचें ठरलें. पुतण्या म्हणे, क्लच आणि गिअर आपल्या हातींपायीं असतील तरच ती गाडी. सूनबाई ऑटोमॅटिक मागत होती.

तिच्या मागणीस कारण होतें, आणि त्याचा मी साक्षी आहें. आदल्या आषाढांत ती मला जीपमधून वर नेत होती. वळणावर चाकाखालीं धोंडा आला, इंजिन बंद पडलें, आणि घाबरून तिनें क्लच दाबला. क्लच दाबला कीं इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. जीप दहा-बारा फूट मागें घसरली व गडग्याला टेकून थांबली. गडगा नसता तर मी आज आपल्याशीं बोलत नसतों. त्या वेळीं डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर न्यावयाचा, एक हात हातब्रेकवर. सरावाच्या माणसाचीहि तेथें तारांबळ उडते.

ऑटोमॅटिकमध्यें ही तारांबळ नाहीं. तेलानें भरलेल्या बंद डब्यांत दोन पंखे समोरासमोर असतात. इंजिन एक फिरवितें. त्यानें लोटलेल्या तेलानें दुसरा फिरतो. दोहोंमधील लहान चक्र तेलाचा प्रवाह वळवून मंद गतींत जोर वाढवितें. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाहीं, आणि धोंड्यावर चाक बोटबोटभर चढवितां येतें. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानें ही युक्ति १९०५ सालीं जहाजांसाठीं काढली. ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक वस्तु, हें पुतण्याचें म्हणणें मला पटलें नाहीं. अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यांत १९४२ पासून ऑटोमॅटिक गिअरपेट्याच होत्या. त्याच सैन्याच्या विलिस जीपमध्यें मात्र हातानें टाकावयाचे तीन गिअर होते.

उतरणीवर मात्र पुतण्याची बाजू बळकट. हाताच्या गाडींत पहिला गिअर टाकला कीं इंजिनच चाकांना धरून ठेवतें. ऑटोमॅटिक नेहमींच्या ‘डी’वर सोडली तर ती वरचा गिअर घेऊन धांवूं पाहते, चालक ब्रेकवर पाय रोवून बसतो आणि ब्रेक तापून निकामी होऊं लागतात. उपाय आहे. लो रेंज लावावी, दांडा हातानें पहिल्यावर अडकवावा. २०२० च्या थारमध्यें लो रेंजनें जोर सुमारें अडीच पट होतो. तरीहि पकड हाताच्या गाडीइतकी घट्ट लागत नाहीं, असें मला तरी वाटलें. शिवाय बॅटरी उतरली तर हाताची गाडी ढकलून चालू करतां येते, आणि क्लचप्लेट तालुक्याचा मिस्त्रीहि बदलतो.

आणखी एक. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं गाड्यांत आंत साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबतें. त्यांना एएमटी म्हणतात. खड्या चढावर रेंगाळतांना तोहि क्लच जळतोच. विकणाऱ्याला हें स्पष्ट विचारावें. तो आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

मीं कौल सूनबाईच्या बाजूनें दिला. वाहनाची परीक्षा त्या घरांतील सर्वांत कमी सरावाच्या हातीं, अंधारांत आणि पावसांत व्हावयाची होती. पुतण्याच्या कौशल्याला तेथें काय अर्थ? अट मात्र घातली कीं, पाऊस लागण्यापूर्वीं दोघांनीं तीन रविवार उतरण्याचाच सराव करावा. चढावर गाडी अडलीच तर आडवी वळवूं नये. लो रेंजमध्यें रिव्हर्स टाकून सरळ मागें यावें.

श्रावणांत एका रात्रीं मुलाला घेऊन सूनबाई एकटी दवाखान्यांत गेली व पहाटे परत आली. मला हें दुसऱ्या दिवशीं दुपारीं समजलें, तेंहि सहज बोलतां बोलतां. पुतण्याचा डावा पाय मात्र अजून क्लच शोधतो. मधूनच तो ब्रेकवर आदळतो, आणि मागें बसलेल्या आम्हां वृद्धांचीं कपाळें पुढच्या आसनाला भिडतात.