'वेडी' हे निदान नव्हे

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाबा-बुवाकडे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या, असं आपण गावोगाव सांगतो. पण डॉक्टरच्या दारात त्या बाईचं काय होतं, हे आपण क्वचितच विचारतो. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या खेड्यातली बाई सांगते, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हातपाय गळतात. डॉक्टर सलाईन लावतात, 'टेन्शन घेऊ नका' म्हणतात. आणि मानसिक आजाराची चिठ्ठी एकदा मिळाली की उलटं होतं. मग पोट खरोखर दुखलं तरी 'हिचं नेहमीचंच' म्हणून धड तपासणी होत नाही. प्रश्न नवऱ्याला विचारतात, गोळ्या सासूच्या हातात देतात. तिचं म्हणणं केसपेपरवर येतच नाही.

हाच केसपेपर पुढे तिच्याविरुद्ध वापरला जातो. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नुसता आजार कायद्याला पुरत नाही, तो एकत्र राहणं अशक्य करणारा असावा लागतो. पण माहेरी आणून सोडायला घरच्यांना चिठ्ठी पुरते.

डॉक्टर एकटे दोषी नाहीत. एमबीबीएसला मानसोपचार हा स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. तरीही अज्ञान वेगळं आणि तुच्छता वेगळी.

ही तुच्छता कुठवर जाते, ते फेब्रुवारी 1994 मध्ये दिसलं. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या, त्या वेळच्या भाषेत 'मतिमंद', मुली व स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण सांगितलं, त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मतिमंदत्व आणि मनोविकार एक नव्हेत, पण 'हिला काय कळतं?' हा प्रश्न दोघींच्याही वाट्याला येतो.

आज कायदा आपल्या बाजूचा आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यानुसार संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा उपचार करता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणं, भूल न देता विजेचे झटके देणं, मनोविकारावरचा उपाय म्हणून नसबंदी करणं, या सगळ्याला बंदी केली. सक्तीने डोकं भादरता येत नाही. आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे. आणि तिच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी ती स्वतः नेमू शकते. तो नवराच असला पाहिजे असं नाही, मैत्रीणही चालते.

तेव्हा आपल्या गटांनी एवढं करावं. बाईसोबत दवाखान्यात जावं. 'डॉक्टरसाहेब, तिलाच विचारा' असं नम्रपणे पण ठामपणे म्हणावं. औषध कशाचं, किती दिवस, त्रास काय होईल, हे तिच्यासमोर विचारावं. प्रतिनिधीचं नाव तिला बरं असतानाच साध्या कागदावर लिहून सहीनिशी ठेवावं. 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक गटाच्या वहीत लिहावा.

आणि आधी आपल्या बैठकीतून 'वेडी' हा शब्द काढावा. आपणच तो वापरत असू, तर डॉक्टरांना कोणत्या तोंडाने जाब विचारणार?