पाळीचं दुखणं, मूल आणि हॉर्मोनची इंजेक्शनं
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



पाळीत पोट इतकं दुखतं की कामावर जाता येत नाही, संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला त्रास होतो. घरचे म्हणतात, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच." नाही तायांनो, अंगावर काढू नका. हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. यात गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर, बीजकोशावर, नळ्यांच्या आसपास वाढतं. सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. साधारण दहा बायकांत एकीला हा आजार असतो. बऱ्याच जणींना मूल होतं, पण काहींना दिवस राहायला अडचण येते.

मग टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला मिळतो. त्याआधी काही डॉक्टर ३ ते ६ महिने हॉर्मोनची इंजेक्शनं देतात. त्यानं पाळी थांबते, दुखणं कमी होतं. हे खरं. पण मूल होण्याची शक्यता वाढते का?

२००६ मध्ये तीन अभ्यास एकत्र पाहिले, त्यात १६५ बायका होत्या. तेव्हा वाटलं, शक्यता चांगली वाढते. २०१९ मध्ये आठ अभ्यास, ६४० बायका पाहिल्या. तेव्हा खात्रीनं काही सांगता येईना. म्हणून युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं, की केवळ मूल व्हावं म्हणून आधी इतके महिने ही इंजेक्शनं देण्याची शिफारस आम्ही करत नाही.

शिवाय त्या काळात दिवस राहत नाहीत, वय मात्र पुढे सरकतं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, जास्त काळ घेतली तर हाडं विरळ होतात.

याचा अर्थ इंजेक्शन वाईट, असा नाही. दुखण्यासाठी ते उपयोगी आहे. चालू असेल तर मनानं बंद करू नका. पण गटातून कर्ज उचलण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा:

१. हे इंजेक्शन दुखण्यासाठी आहे की मूल होण्यासाठी?
२. माझ्या वयाला थांबणं परवडेल का?
३. नाही घेतलं तर काय होईल?
४. इंजेक्शनं धरून एकूण खर्च किती?
५. नवऱ्याची तपासणी झाली का?
६. २०२१ च्या कायद्याप्रमाणे केंद्राची नोंदणी आहे का?

एकटीला विचारायला संकोच वाटला, तर गटातली एखादी मैत्रीण सोबत न्या. उत्तरं वहीत लिहून घ्या. हप्ते आपण फेडणार, शरीर आपलं. मग विचारायचंही आपणच.