उन्हाचे दाम कुणाच्या पदरात?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



रात्री बाराला लाईट येते आणि हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने आपण मोटार चालू करायला जातो. सूर्याची वीज दिवसा होते, म्हणून ती आपल्या कामाची. पण ती होते कशी, हे माहीत नसेल तर करारात फसगत होईल.

प्लेटच्या काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. चकतीचे दोन थर; एकात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन मिसळलेले. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि थरांच्या सांध्यावरचे बळ त्यांना एकाच बाजूला ढकलते. तार जोडली की वीज वाहू लागते. एका चकतीत जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून चकत्या ओळीने जोडतात, मग प्लेटा. ही वीज बॅटरीसारखी, एकाच दिशेने वाहणारी. आपली मोटार तिच्यावर चालत नाही. इन्व्हर्टर तिचे रूप बदलतो, ट्रान्सफॉर्मर दाब चढवतो, आणि ती उपकेंद्रातून फीडरवर येते.

ऊन तापेल तितकी वीज जास्त, असे मात्र नाही. वीज होते उजेडाची. उष्णता तिला मारकच. प्लेटची ताकद 25 अंशांवर मोजलेली असते. वैशाखात प्लेट 65 अंशांवर गेली की साधारण सातवा हिस्सा घटतो. धूळ बसली तर आणखी. धुवायला पाणी लागते. ते कुणाच्या विहिरीचे, हे आधीच विचारा.

आता हिशेब. 1 मेगावॅटला सुमारे 5 एकर रान लागते. वर्षाला 15 लाख युनिटांच्या आसपास वीज निघते. 3 रुपये दर धरला तर 45 लाख रुपये. 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये भाडे ठरले हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल 3 टक्के वाढ. 5 एकरांचे अडीच लाख. म्हणजे पहिल्या साली रुपयात साडेपाच पैसे जमीनवाल्याचे! कंपनीचे भांडवल कोटींचे, कर्जाचे हप्ते तिच्या डोक्यावर, हे मान्य. बरड रानातली कोरडवाहू ज्वारी एकरी 50 हजार देत नाही, हेही मान्य. तेव्हा बरड जरूर द्या, काळी देऊ नका. करार पाव शतकाचा असतो.

पण दुसरीही वाट आहे. 2019 साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेच्या 'अ' घटकाने शेतकऱ्यांना, त्यांच्या गटांना आणि सहकारी संस्थांना 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचा प्रकल्प स्वतः उभारून वीज विकण्याची मुभा दिली. भांडवल कसे उभे करायचे, यावर आपण बसून बोलले पाहिजे.

ज्यांच्या गावात करार झाले आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला कराराची नक्कल आणावी. भाडे कोणत्या तारखेला हाती पडले आणि फीडरवर दिवसा किती तास लाईट राहिली, तेही लिहून आणावे.